मागे कोण गातंय

मंगळ., ६ जाने.

घसा आज बरा. बरा म्हणजे सकाळी दूधवाल्याला "एक पिशवी जास्त" म्हटलं आणि त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं. म्हणून धायरीला केदारच्या स्टुडिओत गेले. सिंहगड रस्त्यावर नेहमीची बोंब. पोचेपर्यंतच जीव आंबून गेला.

दुसरं गाणं घेतलं, "सांज सरली गं, सय राहिली". एक टेक चांगला मिळाला. केदार काचेपलीकडून म्हणाला, "मॅडम, सुपर. आता डबल घेऊया." म्हणजे तेच गाणं, त्याच श्वासांवर, अगदी तसंच्या तसं पुन्हा गायचं. दोन्ही एकावर एक ठेवले की आवाज भरून येतो. आयुष्यभर भक्तिगीतं गायली ती अशीच. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. परत घेतला. परत फाटला. केदार मान खाली घालून उगाच फोन बघत बसला. सभ्य मुलगा आहे.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

गुरु., ८ जाने.

डॉक्टरीणबाईंकडे. घशात नळी, पडद्यावर माझं स्वरयंत्र. तिथे त्या दोन गाठी, जावईबुवांसारख्या ऐटीत बसलेल्या. मार्चमध्ये ऑपरेशन. नंतर आवाज कसा होईल, होईल की नाही, हे त्या सांगत नाहीत. "तोवर दिवसातून एकदा गा आणि मग गप्प बसा."

हे बाहेर बाकावर पेपर वाचत होते. सांगितलं. "गप्प बसायला सांगितलंय? देव पावला!" हसू आलं, आणि मग रस्ताभर चीड आली.

पाच गाणी आहेत. शब्द माझे, चाली माझ्या. आजवर दुसऱ्यांचीच गायले. लोकांच्या चाली, लोकांचे देव. ही पाच तरी माझ्या आवाजात राहायला हवीत. बाकी काही मागणं नाही.

शनि., १० जाने.

केदारचा फोन. "मॅडम, टेन्शनच नका घेऊ. तुम्ही एकदाच गा. डबल एआय करेल." त्याच्याकडे नवीन सॉफ्टवेअर आलंय. माझे जुने ट्रॅक त्याला ऐकवायचे, ते माझा आवाज शिकतं, आणि मग मी गायलेल्या टेकच्या मागे दुसऱ्यांदा तेच गातं. थोडं मागेपुढे, माणसासारखं. मी म्हटलं, "माणसासारखं म्हणजे दुसऱ्या कडव्यात फाटेल का?" तो बिचारा सीरियसली म्हणाला, नाही मॅडम, ते सेटिंग शून्यावर ठेवू.

जुन्या रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क कपाटात, पैठणीच्या खाली. सगळं त्यात आहे, पुढचे ट्रॅक, मागचे ट्रॅक, सगळ्यांवर माझं नाव. उघडून बघायचं त्राण नव्हतं. ह्यांच्याबरोबर जशीच्या तशी पाठवली.

मंगळ., १३ जाने.

भोगी. भाजी, बाजरीच्या भाकऱ्या. संध्याकाळी क्लास. पेटीवर सूर द्यायचा आणि बोटाने खूण करायची, गाऊन दाखवायचं नाही. मुलांना मजा वाटते. एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तुमचा आवाज म्यूट झालाय का?" हो म्हटलं.

बुध., १४ जाने.

संक्रांत. विश्रांतवाडीहून नंदूचा फोन, ठरल्याप्रमाणे अकराच्या आत. धाकटी बहीण, पण वागते थोरलीसारखी. "ताई, तिळगूळ घ्या, गोड बोला." मी म्हटलं, गोड राहू दे, नुसतं बोलता आलं तरी पुष्कळ. तिचे गुडघे, तिच्या सासूबाईंची पाठ, बाईची दांडी. हळदीकुंकवाला बोलावलं.

गाण्याचं ती विचारत नाही. मीही काढत नाही. तिने सोडलं त्याला किती वर्षं झाली! मुलगी पाळण्यात होती, आता त्या मुलीचं लग्न होऊन गेलं. का सोडलं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. भांडण नाही, काही नाही. गुडघ्यांवर बोलतो.

शुक्र., १६ जाने.

काय लिहू.

धायरीला गेले. केदारने खुर्ची दिली, हेडफोन दिले, स्वतः उभा राहिला. पुढे मी, सहा तारखेचा टेक. मागे ते. पहिली ओळ गेली आणि अंगावर काटा आला. भरलेला, गोल आवाज. जुना माझा आवाज! डोळे भरले, खोटं कशाला बोलू. केदार खूश.

मग "सांज सरली गं". त्या "स"ला बारीक शिट्टी. "सय"ला परत. आणि "राहिली"चं "ली" मी सोडलं तरी मागे ते जरा रेंगाळलं. मी कधी रेंगाळत नाही. गुरुजींनी तोडून टाकली होती ती सवय.

रेंगाळते ती नंदू. शिट्टी तिची. शाळेत असताना सायकलवरून पडून पुढच्या दाताचा कपचा उडाला होता, तेव्हापासून तिच्या "स"मधून वारा जातो. जायचा. मुलीच्या लग्नाआधी कॅप बसवून घेतली, विहिणीसमोर तुटका दात नको म्हणून.

केदारला म्हटलं, "ही मी नाही."

"मॅडम, शंभर टक्के तुम्हीच. सगळ्या फायलींना तुमचं नाव आहे."

नाव असणारच. सकाळी मी पुढचा ट्रॅक गायचे, आणि दुपारच्या गाण्यासाठी माझा आवाज राहावा म्हणून मागचा नंदू गायची. आमचे आवाज इतके सारखे की आई फोनवर फसायची. बूथमध्ये दोघी उभ्या राहायचो. मी गाताना तिचा तळवा माझ्या पाठीवर, श्वास कुठे घेते ते कळायला. मग ती गाताना मी समोर, श्वासाच्या जागी बोट वर. त्या वेळच्या रेकॉर्डिस्टलाही आमचे आवाज एकच वाटायचे. आणि मी शहाणी, सगळी डिस्क उचलून मशीनच्या घशात घातली. त्याने दोघींना एक समजून शिकून घेतलं. त्याचा काय दोष.

केदारला सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसला. "ओह. मग मी फक्त तुमचे लीड ट्रॅक वापरून परत करतो."

कर म्हटलं.

रवि., १८ जाने.

नवं ऐकलं. फक्त मी. पुढेही मीच, मागेही मीच.

पाणी घातलेली आमटी. सुरात आहे, तालात आहे, एक चूक काढून दाखवा. पण जीव नाही. केदारने हे नॉब फिरवले, ते फिरवले. "मॅडम, खरं सांगू? पहिलं बेस्ट होतं."

मला दिसत नाही का! लोक स्टेशनवर ओळखायचे, रिक्षावाला म्हणायचा तुमच्या आवाजात काय भरीवपणा आहे हो. तो भरीवपणा विश्रांतवाडीत पोळ्या लाटत होता. राग आला. कोणावर ते ठरेना, म्हणून केदारच्या चहाला नावं ठेवली.

तो म्हणाला, पहिलंच ठेवू, शिट्टी एका बटणाने जाते. म्हटलं, नंदूला विचारायला हवं. "विचारायचं काय मॅडम? मशीनचा आवाज आहे, तिने थोडीच गायलंय."

"केदार, दात तिचा आहे."



मंगळ., २० जाने.

आज गायले नाही. आवाज होता, मन नव्हतं.

ह्यांना सांगितलं. मला वाटलं काहीतरी खवचट बोलतील आणि विषय संपेल. पेपर खाली ठेवला चक्क. "विचारून टाक. फार तर नाही म्हणेल."

"आणि म्हणाली तर?"

"तर तुला राग येईल. म्हणूनच विचारत नाहीयेस." आणि परत पेपर वर.

माणूस बरोबर बोलला की किती वैताग येतो.

गुरु., २२ जाने.

विश्रांतवाडी. एवढं लांब जायचं म्हणजे प्रवासच. नंदूकडे बायकांची ही गर्दी. वाण म्हणून चहाची गाळणी. अत्तर, गुलाबपाणी, ओटीत बोरं-हरभरे. तिच्या मैत्रिणींपैकी एक मला म्हणाली, "तुम्ही गाणाऱ्या ना? एखादं होऊन जाऊ दे!" मी घशाकडे बोट दाखवलं. मग तीच नंदूकडे वळून, "तू नाही का गं गात?" नंदू म्हणाली, "छे! मला कुठलं येतंय." आणि चिवड्याचं ताट पुढे केलं.

बायका गेल्यावर स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून तिला ऐकवलं. काही सांगितलं नाही आधी, फक्त इअरफोन दिले. ती एका हाताने कप विसळत होती. "सय"ला हात थांबला. नळ तसाच चालू. तिची जीभ आपोआप दातावर गेली, मी पाहिलं.

"ही मी आहे."

"हो."

"मी हे गाणं गायलेलं नाही."

मग सांगितलं, डिस्क, मशीन, माझा वेंधळेपणा, गाठी, मार्च. सगळं एका दमात, खरखरत्या आवाजात. तिने नळ बंद केला. परत ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं.

म्हणाली, "रेडिओवर तुझं गाणं लागलं की घरात हाकाटी व्हायची, या या, ताईचं लागलंय. मी कान लावून बसायचे. पण मी मला कुठे सापडायचेच नाही. तूच सांगायचीस ना, मागचा आवाज ऐकू आला म्हणजे चुकला. मी कधी चुकलेच नाही गं ताई. एकदा तरी चुकायला हवं होतं."

"म्हणून सोडलंस?"

"सोडलं कुठे? धरलं होतं हे तरी कोणाला माहीत होतं!"

हे ती हसत म्हणाली. मला हसता आलं नाही. आतून सासूबाईंची हाक, "नंदिनी, गेल्या का सगळ्या?" "गेल्या हो, ताई आहे फक्त." मग मला, "त्या मुलाला म्हणावं, शिट्टी काढू नको. मशीनकडून का होईना, ऐकू येतेय. आता नीघ, तुला लांब जायचंय."

रिक्षात रडले. रिक्षावाल्याने आरशात बघून गाणी बंद केली. त्याला वाटलं असेल कोणी गेलं.

शनि., २४ जाने.

केदारला निरोप दिला. तो म्हणाला मग गाण्यावर दोघींची नावं टाकू, मस्त दिसेल. मला पटलं. नंदूला फोन करून सांगितलं. वाटलं, खूश होईल.

"मशीनने गायलेल्याला माझं नाव कशाला? उद्या माझ्या मिक्सरने वाटलेल्या चटणीला माझं नाव देशील."

"मग तू ये. तू गा मागे."

"घसा गंजलाय ताई. आणि सासूबाईंना कोण बघणार."

ठेवला फोन. निदान विचारलं तरी. आता मशीनचंच ठेवावं लागणार, शिट्टीसकट, नावाशिवाय. दमलेय. पाच गाण्यांत अजून तीन बाकी.

मंगळ., २७ जाने.

तिसऱ्या गाण्याचा टेक सुरू करणार तोच नंदूचा फोन. "धायरीत कुठे? मी बस स्टॉपवर उभी आहे." दोन बस बदलून आली. नणंदेला बसवलं सासूबाईंजवळ. पिशवीत वड्यांचा डबा, केदारसाठी. केदार नुसता "काकू, काकू" करत होता.

माझा "सय"चा टेक तिच्या कानात लावला, बूथमध्ये ती. मी आत जाऊन समोर उभी राहिले आणि श्वासाच्या जागी बोट वर केलं. न ठरवता. किती वर्षांनी! एक ओळ गायली तिने. आवाज गंजलेला वगैरे काही नाही. थोडा जाड झालाय, खाली उतरलाय. शिट्टी नाही. शेवटचं "ली" तस्संच रेंगाळतं. केदारने स्क्रीनवर दोन्ही शेजारी लावले, मशीनची नंदू आणि ही. "मॅच होत नाहीये," म्हणाला. नंदू म्हणाली, "नशीब."

दुसऱ्या ओळीत थांबली. हेडफोन काढले.

"नाही ताई. मी परत तुझ्या मागे लपून बसणार नाही. मी पुढे गाते. तू मागे गा."

मला वाटलं चेष्टा करतेय. "नंदू, गाणी माझी आहेत."

"माहीत आहे. चांगली आहेत म्हणूनच म्हणतेय."

केदारने मध्यस्थी करायला तोंड उघडलं. "काकू गातील पुढे, आणि मॅडमचा मागचा आवाज आपण एआयवर करू, म्हणजे मॅडमना त्रासच नको."

"मशीन नको," नंदू म्हणाली. "ताई गाईल. तिला कळू दे कसं असतं."

केदार म्हणाला मी चहा सांगून येतो, आणि गेला. तो कधी चहा सांगत नाही, स्वतःच करतो.

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढं म्हणाले की माझ्याकडे मार्चपर्यंतच आवाज आहे, त्यात तू मला मागे उभी करतेस. ती म्हणाली, "पाचांतलं एक. चार तुझी." आवाज चढवला नाही तिने. मग "सय" पुढचा आवाज म्हणून शेवटपर्यंत एकदा गायली, केदार परत आल्यावर, माझ्याकडे न बघता. मी बोट वर केलं नाही. वड्यांचा डबा ठेवून निघून गेली. बसपर्यंत सोडते म्हटलं तर, "तू घसा सांभाळ."

बुध., २८ जाने.

राग आहे अजून. भाजी जळाली.

पाचांतलं एकच, हे खरं. पण तेच सर्वांत चांगलं, हेही खरं, आणि ते तिला पहिल्या ओळीत कळलं. क्लासमध्ये आज पोरांना विचारलं, दोघीजणी एकच गाणं गायल्या तर ते कोणाचं? चिमुरडी म्हणाली, "ज्याचा माइक असेल त्याचं, बाई."

शुक्र., ३० जाने.

केदारने नंदूचा टेक फोनवर पाठवला. "मॅडम, उद्या स्लॉट तुमचाच आहे. पुढे कोण, मागे कोण, ते आज रात्रीपर्यंत कळवा म्हणजे तसं लावून ठेवतो."

सकाळपासून तोंडातून शब्द काढला नव्हता. दुपारी हे झोपलेले असताना डायनिंग टेबलाशी बसले. इअरफोन घातले. आधी नुसतं ऐकलं. तिसऱ्या ओळीत तिने माझी चाल जराशी वाकवली आहे. चूक आहे. बरी वाटते, त्याचाच त्रास होतो. श्वासही भलत्याच जागी घेते, मी जिथे कधी घेतला नसता.

डोळे मिटले. समोर बोट वर करायला कोणी नाही. तिचा श्वास आला की मी घेतला. पहिलं कडवं तिच्या मागून मागून. माझ्या सवयीने "ली" लवकर सुटलं, आणि ती कानात एकटीच पुढे गेली. बंद केलं. डॉक्टरीणबाईंनी एकदाच सांगितलंय, पण ते अर्धंच होतं, ते धरत नाही. परत लावलं.

या वेळी धरून राहिले. घसा ओरडत होता आतून. बारीक झालं, अगदी दोऱ्याएवढं, पण सोडलं नाही, ती सोडेपर्यंत. आणि त्या शेवटच्या "ली"वर मी कानात मला शोधलं, तर सापडले नाही. फक्त ती होती.

इअरफोन काढले. ह्यांची झोप मोडली होती. खोलीतून आवाज आला, "अगं, नंदिनी कधी आली?"

उत्तर द्यायला आवाज उरला नव्हता. उठून गॅसवर पाणी ठेवलं. हे चष्मा शोधत बाहेर आले, दिवाणखान्यात बघितलं, बाल्कनीत बघितलं, मग माझ्याकडे.

संध्याकाळ झाली. केदारला अजून काही कळवलेलं नाही.